भिंतीवरचा जुना कॅमेरा आणि अम्मीचे दोन प्रश्न

बकरी ईदच्या सुट्टीत मी पिरंगुटला घरी गेले होते. अब्बांनी नवा फोन घेतला होता आणि त्यात घरच्या कॅमेऱ्याचं ॲप काही केल्या सापडत नव्हतं. मी हिंजवडीत एका कंपनीचं नेटवर्क सांभाळते, त्यामुळे घरात जे जे वायरवर किंवा वायफायवर चालतं ते सगळं माझ्या वाट्याला येतं. ते ॲप कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं. मग मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली चिठ्ठी शोधली. कॅमेरे बसवणाऱ्या माणसानं २०१७ साली तिच्यावर आकड्यांचा एक पत्ता लिहून ठेवला होता. फोनचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, मी तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. नावाच्या जागी ‘ॲडमिन’. पासवर्डच्या जागी एक ते पाच आकडे.

दोन सेकंदांत आमचं मागचं अंगण समोर आलं. अम्मी ओले केस मोकळे सोडून खाटेवर बसली होती. भाभी बाळाला मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत होती. दोघींच्या ओढण्या दोरीवर वाळत होत्या.

मी घरचं वायफाय वापरत नव्हते. म्हणजे जे मला दिसत होतं ते जगातल्या कोणत्याही फोनवर दिसू शकत होतं. त्यासाठी हॅकर असायची गरज नव्हती. पत्ता आणि अंदाजानं सांगता येईल असा पासवर्ड, एवढं पुरे होतं. मी यंत्रातल्या नोंदी उघडल्या. गेल्या काही आठवड्यांच्याच शिल्लक होत्या. अब्बा, भाईजान किंवा मी, यांच्यापैकी कुणाचेही नसलेले कितीतरी पत्ते त्यात होते. त्यातले बहुतेक म्हणजे इंटरनेटवर रात्रंदिवस दारं ठोठावत फिरणारे प्रोग्राम असतात. पण काही नोंदींत दार उघडलंही होतं. कोण आलं, किती वेळ थांबलं, काय साठवून नेलं, हे कळायला मार्ग नव्हता.

मी अम्मीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं दोन प्रश्न विचारले. पहिला मला, “इत्ते साल कोन देख रहा था?” दुसरा अब्बांना, “लगाते वखत मेरेकू किसने पूछ्या था?”

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच नाही.

चोराच्या भीतीनं

कॅमेरे आले ते चोरीमुळे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतून पाण्याच्या दोन मोटरी आणि एका घरातले गॅस सिलिंडर गेले. मुळशीत पावसाळ्याच्या रात्री वीज गेली की लवकर येत नाही आणि त्या अंधारात कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. अब्बांनी पुण्याहून माणूस बोलावला. एक कॅमेरा गॅरेजवर, एक दारावर, एक गल्लीकडे आणि एक मागच्या अंगणात, कारण आमची मोटर तिथं होती. त्याच अंगणात घरातल्या बायका भांडी घासतात, केस वाळवतात, दुपारी बसतात, हे कुणाच्या मनात आलं नाही. ठरवणारे सगळे पुरुष होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मोटर होती.

फोनवर चित्र दिसायला हवं म्हणून त्या माणसानं नेटवाल्याकडून कायमचा पत्ता घेऊन दिला आणि राउटरमध्ये बाहेरून आत येण्याची वाट उघडून ठेवली. पासवर्ड त्यानं बदलला नाही. बदलला की गिऱ्हाईक विसरतं आणि मग रात्री दहाला फोन करतं. दोन वर्षांनी विजेनं एक कॅमेरा जळाला, तेव्हा कुठून तरी वापरलेला आणून बसवला. त्यानंतर माळ्यावरच्या डीव्हीआरला कुणी हात लावला नाही. गाद्यांच्या गाठोड्याशेजारी तो धूळ खात चालू राहिला.

हे वाचताना तुमच्या घरचा कॅमेरा आठवला असेल तर लेख पुढे वाचा. आठवला नसेल तरी दुकानाचा, मोहल्ल्यातला, मशिदीतला किंवा हॉस्टेलचा आठवेल.

जुना म्हणजे काय?

चित्र धूसर झालं की कॅमेरा जुना झाला असं आपण समजतो. खरं तर इंटरनेटला जोडलेला कॅमेरा म्हणजे लेन्स लावलेला छोटा संगणक. त्यात सॉफ्टवेअर असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये चुका असतात. चूक सापडली की चांगली कंपनी दुरुस्ती पाठवते, त्यालाच आपण अपडेट म्हणतो. कंपनीनं अपडेट देणं थांबवलं की त्या दिवसापासून तो कॅमेरा जुना. चित्र तो पुढची दहा वर्षंही देईल. पण त्याच्यातली प्रत्येक माहीत झालेली फट कायमची उघडी राहील, आणि ती कुठं आहे हे जगाला माहीत असेल.

याचा मोठा धडा २०१६ मध्ये मिळाला होता. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या सुमारे ६० जोड्या एकेक करून लावून बघायचा. एवढ्यावर त्यानं लाखो यंत्रं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांनी अमेरिकेतल्या ‘डाइन’ या कंपनीवर एकाच वेळी मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. हे कुणा परदेशी लष्कराचं काम असेल असं अनेकांना वाटलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये मिराई बनवल्याचा गुन्हा अमेरिकेतल्या तीन तरुणांनी कबूल केला. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. त्यांच्या भिंतीवर चित्र नेहमीसारखं दिसत होतं.

दुसरा प्रकार याहून वाईट, कारण त्यात पासवर्ड कितीही कठीण असला तरी उपयोग नसतो. २०२१ मध्ये हिकव्हिजन या जगातल्या मोठ्या कॅमेरा कंपनीच्या अनेक मॉडेलमध्ये अशी फट सापडली की नाव-पासवर्ड न देताच कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा घेता येत होता. कंपनीनं सप्टेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती दिली. जवळपास वर्षभरानं, ऑगस्ट २०२२ मध्ये, एका सुरक्षा संस्थेनं तपासलं तेव्हा ८० हजारांहून अधिक कॅमेरे दुरुस्तीविनाच इंटरनेटवर होते. औषध निघालं होतं, पण ते कुणी घेतलं नव्हतं. (आमच्या घरचा कॅमेरा या कंपनीचा नाही. नाव मोठं असो की लहान, प्रश्न तोच राहतो.)

तिसरा प्रकार स्वस्त वायफाय कॅमेऱ्यांचा. खोक्यातून काढा, खालचा कोड स्कॅन करा, झालं. राउटरमध्ये काही करावं लागत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण त्या स्टिकरवरच्या क्रमांकावरूनच जगातला कुठलाही फोन तो कॅमेरा शोधू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये एका संशोधकानं दाखवून दिलं की अशा वीस लाखांहून अधिक यंत्रांचे क्रमांक अंदाजानं काढता येतात आणि मधल्या मधे पासवर्डही चोरता येतो. ही यंत्रं शेकडो वेगवेगळ्या नावांनी विकली गेली होती आणि बाळावर लक्ष ठेवायचे कॅमेरेही त्यात होते. एकाच कारखान्यातला माल, वर फक्त छाप वेगळा. तुमच्या घरचा कॅमेरा त्यात आहे की नाही हे छापावरून कळत नाही.

राजकोट, लातूर, सांगली

‘आमच्या घरात बघण्यासारखं आहे तरी काय?’ हे वाक्य मी अब्बांकडून ऐकलं, भाईजानकडून ऐकलं, ऑफिसातल्या शिकलेल्या सहकाऱ्यांकडूनही ऐकलं. त्याला उत्तर राजकोटनं दिलं आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीचं चित्रण यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यानं टाकलेलं सापडलं. संपूर्ण चित्रण हवं असेल तर पैसे भरून टेलिग्रामच्या गटात या, असा तो धंदा होता. डॉक्टरकडे आलेल्या बायका, नर्सकडून इंजेक्शन घेणाऱ्या बायका. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी तपास केला आणि पहिल्या अटका झाल्या त्या लातूर, सांगली आणि प्रयागराजमधून. लातूर आणि सांगली. कुठल्या तरी दूरच्या देशातला टोपी घातलेला हॅकर आपण डोळ्यांसमोर आणतो. इथं आपल्याच महाराष्ट्रातली, आपल्या वयाची मुलं होती.

तपास पुढे गेला तसं कळलं की प्रकरण एका रुग्णालयापुरतं नव्हतं. वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार देशभरातल्या शाळा, कार्यालयं, कारखाने, चित्रपटगृहं आणि राहत्या घरांतल्या कॅमेऱ्यांची किमान ५० हजार चित्रणं या टोळीच्या हाती लागली होती. ज्या शहरांची नावं आली त्यांत मुंबई, नाशिक आणि पुणेही आहे. एकेक चित्रण ७०० ते ४,००० रुपयांना विकलं जात होतं. आणि रुग्णालयाच्या यंत्रणेचा पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’.

तेव्हा बघण्यासारखं काय आहे, याचा निर्णय घरातला माणूस करत नाही. तो विकत घेणारा करतो. अम्मीचं केस वाळवणं हे अम्मीसाठी रोजचं काम आहे. कुणासाठी तरी ते ७०० रुपयांचं चित्रण आहे.

आपल्या वाचकांना आणखी एक आठवण द्यायला हवी. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम स्त्रियांचा ऑनलाइन ‘लिलाव’ मांडला गेला होता. पत्रकार, विद्यार्थिनी, कार्यकर्त्या. त्यांचे फोटो त्यांनी स्वतःच समाजमाध्यमांवर टाकलेले, साधे, उजेडातले होते. तरीही त्या किती हादरल्या हे आपण पाहिलं. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागानं अटका केल्या, तेव्हाही आरोपी कोवळ्या वयाचे निघाले. आता विचार करा, अशा मनाच्या माणसाच्या हाती एखाद्या घराच्या अंगणाचं चित्रण लागलं तर? हा प्रश्न फक्त मुस्लिम बायकांचा नाही. राजकोटच्या रुग्णालयात कुणाला धर्म विचारून चित्रित केलं नव्हतं. पण ज्या समाजाच्या बायकांना लक्ष्य करणारा बाजार आधीच दिसला आहे, त्या समाजानं आपल्याच भिंतीवरून त्या बाजाराला माल पुरवू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

कॅमेरा काढून टाका, असं मी म्हणत नाही

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. भाईजान म्हणाला, “उद्या गल्लीत काही झालं, आपल्या पोरांचं नाव आलं, तर साक्ष कोण देणार?” तणावाच्या दिवसांत खोट्या आरोपातून सुटण्यासाठी एखाद्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण कामी येतं, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. गॅरेजसमोरून गाडी चोरीला गेली तर पोलीसही पहिल्यांदा कॅमेराच मागतात. कॅमेरा ही आज गरज आहे, हे मला मान्य आहे.

पण साक्ष द्यायला कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून हवा, अंगणाकडे नाही. आणि ज्या यंत्रात कुणीही शिरू शकतं त्यातलं चित्रण कुणी पुसूही शकतं. ज्या रात्री साक्ष हवी असेल त्याच रात्री ते रिकामं निघेल. म्हणजे साक्षीसाठी कॅमेरा हवा असेल तर तो जुना आणि उघडा राहून चालणारच नाही. भाईजानचा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो.

नियम नव्या कॅमेऱ्यांना, भिंतीवरच्यांचं काय?

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या आणि मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय नवा कॅमेरा आता बाजारात आणता येत नाही. चांगलं पाऊल आहे. पण आमच्या माळ्यावरच्या डीव्हीआरला तो नियम माहीत नाही. आधीची दहा वर्षं जे भिंतींवर चढलं ते तिथंच आहे.

ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या कायद्यात दोन साध्या गोष्टी आहेत. सगळ्या खोक्यांत एकच सहज ओळखता येणारा पासवर्ड देता येणार नाही. आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार, ते कंपनीला विकतानाच सांगावं लागेल. औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते तशी. आपल्याकडे ग्राहक म्हणून ही मागणी लावून धरायला हवी. दोन हजारांचा कॅमेरा घेताना ‘अपडेट कधीपर्यंत?’ हे दुकानदाराला विचारायची सवय लागली तरी फरक पडेल.

कायद्यात आणखी एक मोकळी जागा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा कंपन्यांना बांधतो, पण एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे अब्बांनी अम्मीचं चित्रण केलं तर त्या कायद्याला त्यात काही म्हणायचं नाही. चोरून कुणाचं खासगी अंग टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्त्रीकडे चोरून बघणं, तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. हे सगळं घडून गेल्यावरचं आहे.

घडण्याआधीचा प्रश्न अम्मीनं विचारला तोच आहे. मला कुणी विचारलं होतं का? हा प्रश्न न्यायालयातही पोहोचला आहे. कोलकात्याच्या एका घरात एका भावानं घराच्या राहत्या भागात, दुसऱ्या भावाच्या संमतीशिवाय कॅमेरे लावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं म्हटलं की घरात राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय असे कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्या निकालात हस्तक्षेप केला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं, त्याच सुमारास आमच्या घरात कॅमेरे चढत होते. हक्क दिल्लीत मान्य झाला, पिरंगुटच्या अंगणात पोहोचायला त्याला बराच वेळ लागला.

खरं तर आपल्याला यासाठी न्यायालयापर्यंत जायची गरज नव्हती. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय पाऊल टाकू नका, ही शिकवण सूरह नूरमध्ये आहे आणि लोकांची हेरगिरी करू नका, ही सूरह हुजुरातमध्ये. दारावर पडदा असला तरी बाहेरून खाकरून आत येणारे आपले दादा-नाना हेच पाळत होते. त्याच घरांत आम्ही पडदा तसाच ठेवला आणि भिंतीला डोळा बसवला.

ज्यांना विचारायची पद्धतच नाही

मुळशीत राहणाऱ्या प्रत्येकाला आणखी एक दृश्य ओळखीचं आहे. भुकूमपासून पौडपर्यंत आणि पुढे धरणाच्या काठानं ताम्हिणीकडे जाताना दोन्ही बाजूंना फार्महाउस आणि विकेंडचे बंगले. मालक पुण्यात किंवा मुंबईत, बंगल्यावर चार-सहा कॅमेरे आणि मागे पत्र्याच्या खोलीत राखणदाराचं कुटुंब. ते कॅमेरे त्या कुटुंबावर दिवसरात्र चालू असतात. बाई नळाखाली कपडे धुते, पोरं खेळतात, सगळं मालकाच्या फोनवर आणि कॅमेरा जुना असेल तर आणखी कुणाच्याही फोनवर. आमच्या अम्मीनं निदान अब्बांना विचारलं. ती बाई मालकाला विचारू शकत नाही, तिची चूल त्या नोकरीवर आहे. बंगला वर्षात पंधरा दिवस उघडतो, अपडेट कोण करणार?

आणि आपल्या संस्था? मशिदीत, दर्ग्यात, मदरशात, शादीखान्यात कॅमेरे लागलेत. बहुतेक ठिकाणी कुणी तरी देणगी दिली, कुणाच्या तरी ओळखीच्या माणसानं बसवले. पासवर्ड कुणाकडे आहे, असं जमातच्या कारभाऱ्यांना विचारून बघा. जो विश्वस्त बदलला त्याच्या फोनमध्ये ॲप अजून चालू असेल. शादीखान्यात बायकांच्या बाजूला कॅमेरा आहे का, मुलींच्या हॉस्टेलच्या जिन्यावरचा कुठं बघतो, हे प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात यायला हवेत. चंद्याचा हिशेब आपण मागतो, तसाच हाही मागायचा.

एका रविवारचं काम

हे सगळं ऐकून हताश व्हायचं कारण नाही. बहुतेक काम एका रविवारचं आहे आणि ते तुम्ही-आम्हीच करू शकतो, कारण घरातल्या मोठ्यांना हे जमणार नाही.

आधी घरातले सगळे कॅमेरे मोजा. बंद पडलेले पण वायर जोडलेलेही धरा. प्रत्येकाचा पासवर्ड बदला, लांब ठेवा, आणि तो बसवणाऱ्या माणसाला माहीत नसू द्या. डीव्हीआरमध्ये आणखी कुणाची खाती आहेत ते बघा आणि नको ती काढा. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी शेवटचं अपडेट कधी आलं ते शोधा. आलं असेल तर टाका. राउटरमध्ये बाहेरून आत येण्याची जी वाट उघडली असेल ती बंद करा. त्याला तिथं ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात, आणि ‘यूपीएनपी’ चालू असेल तर तेही बंद. कॅमेऱ्यांसाठी राउटरमधलं पाहुण्यांचं वेगळं वायफाय वापरा, म्हणजे कॅमेऱ्यात शिरलेला माणूस तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणं कठीण होईल.

अपडेट मिळतच नसेल तर त्या कॅमेऱ्याचं इंटरनेट तोडा. डीव्हीआरवर चित्रण होत राहील, फक्त फोनवर दिसणार नाही. तेही नको असेल तर उतरवून टाका. भंगारात देताना किंवा विकताना खात्यातून यंत्र काढा, ते पूर्ण मूळ स्थितीला आणा, मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क आपल्याकडे ठेवा. कुणाचं चित्रण पसरलेलं सापडलं तर ते पुढे पाठवू नका, पुरावा जपून ठेवा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. ज्या बाईचं चित्रण आहे तिला ‘तू तिथं का बसलीस?’ असं विचारू नका. तिच्या घराच्या अंगणात ती बसली होती.

आणि या सगळ्याच्या आधी, चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. अम्मीला, भाभीला, घरकामाला येणाऱ्या मावशींना, भाडेकरूला. त्यांनी नको म्हटलं तर कॅमेऱ्याचं तोंड फिरवा.

आमच्या घरी शेवटी काय झालं ते सांगते. राउटरमधली वाट मी त्याच दुपारी बंद केली. गॅरेजचा आणि गल्लीचा कॅमेरा नवा घेतला, अपडेट मिळणारा, आणि त्याचा पासवर्ड अब्बांनी वहीत लिहून कपाटात ठेवला आहे. माझ्या कामात हे बसत नाही, पण सगळ्या जगाला माहीत असलेल्या पासवर्डपेक्षा कपाटातला बरा. दारावरचा उतरवला. मागच्या अंगणातल्या कॅमेऱ्याचा निर्णय मात्र अम्मीनं घ्यायचा असं ठरलं. अब्बा म्हणाले, मोटर जाईल. अम्मी म्हणाली, मोटरीला साखळी लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईजान शिडी घेऊन आला. कॅमेरा उतरवल्यावर भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिला, बाकी भिंत पावसानं काळवंडलेली. अम्मीनं तिथं खिळा ठोकून ओढणी अडकवायला जागा केली. मोटरीला आता साखळी आहे.